आमच्या चुलीचा विस्तव

माझं नाव किसन. गावात किसनआबा म्हणतात, तेच लिहा. आमचं गाव हसनाबादपासून दोन कोसांवर, नदीच्या अलीकडं. जन्म निजामाच्या राज्यातला, साल काही ठाऊक न्हाई, माय सांगायची की तू झाला तवा ज्वारी खळ्यात आल्ती, तेवढीच माझी जन्मतारीख. बाप लवकर गेला. मागं राहिलो माय आणि मी आणि चौदा एकर, त्यातलं एक वावर गावाला लागून, आणि त्या वावराच्या बांधावर तीन कडुलिंब. आता दोनच हायेत, तिसरा सडकेत गेला. तुम्ही रोज शाळेत येता गुरुजी, ती सडक त्याच लिंबाच्या जागेवरून जाते. काय सांगू तुम्हाला, माझी सगळी गोष्ट त्या तीन लिंबांखालची हाय.

तुम्ही गावाच्या इतिहासाचं पुस्तक करून राह्यले, चांगलं काम हाय. परवा पारावर वाचून दाखवलं, त्यात माझंबी नाव आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यात एक ओळ हाय, की घिसाड्यांनी फितुरी केली आणि त्यामुळं गावचे दोघं पकडले गेले. ती ओळ तुम्ही मनानं लिहिली न्हाई, तुम्हाला चार जणांनी सांगितलं, त्या चौघांना त्यांच्या बापांनी सांगितलं. त्यांच्या बापांना कोणी सांगितलं, ते ठाऊक असलेला एकच माणूस गावात उरला, म्हणून तुम्हाला बोलावलं. ती ओळ काढायची हाय. पण आधी घिसाडी गावात कसा यायचा ते ऐका, न्हाई तर पुढचं काहीच समजायचं न्हाई.

तवा उन्हाळा लागला की गावाला फिरत्या लोकांची ये-जा सुरू व्हायची. वैदू यायचा, नंदीबैलवाला यायचा, बहुरूपी यायचा, आणि मजा अशी की परत्येकाचं गावात एक एक घर ठरलेलं. नंदीबैलाला पहिलं पाणी माळ्याच्या घरचं, बहुरूप्याला पहिलं सोंग पाटलाच्या ओट्यावर, वैदू उतरायचा कुंभाराच्या आव्याजवळ. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच ठाऊक न्हाई. मी लई जणांना इचारलं, मला लहानपणापासून इचारायची खोड, तर म्हातारे म्हणायचे तसंच हाय बाबा, तुझ्या बापानं न्हाई इचारलं, तूच कामून इचारतो. आणि आमच्या घराच्या वाट्याला आलेले घिसाडी.

घिसाडी म्हंजे फिरता लोहार. गाडीवर ऐरण, भाता, घण, भंगार लोखंडाची टोपली, त्यावर चुलीची भांडी, भांड्यांवर कोंबड्या, आणि सगळ्यात वर बायको-लेकरं. आखाजीच्या, म्हंजे अक्षय तृतीयेच्या, आधी आठ दिवस गाडी यायची. आमच्याकडं येणाऱ्याचं नाव सोमा, त्याच्या बायकोचं नाव मथुरा. यायचा दिवस त्याला कसा समजायचा ते मला आजबी कोडं हाय, त्याच्याकडं पंचांग न्हाई, लिहिणं-वाचणं न्हाई, पण पेरणीच्या आधी फाळ, विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पाशी शेवटायला, म्हंजे तापवून-ठोकून धार काढायला, जेवढे दिवस लागतात बराबर तेवढे दिवस हातात धरून तो यायचा. एकदा इचारलं तर म्हणला, पळसाच्या शेंगा वाळल्या की बैलच इकडं तोंड करतात, मी नुसता बसून असतो गाडीवर. खरं का खोटं कोण जाणे. त्याचं सगळं बोलणं असं.

आता खरी गोष्ट. गाडी लिंबाखाली सुटायची, ऐरण जमिनीत ठोकायची, भाता बांधायचा, कोळसा रचायचा, आणि मंग सोमा हात बांधून बसायचा. विस्तव पेटवायचा न्हाई. त्याच्या कमरेला चकमक असायची, पण गावात तो ती काढायचा न्हाई. कोणाला मागायचाबी न्हाई, कोणाकडं बघायचाबी न्हाई. मंग माझी माय चुलीतले चार निखारे एका खापरावर घ्यायची, वरून राख घालायची, आणि भर गल्लीतून, सगळ्यांच्या दारांवरून, हळूहळू चालत लिंबापर्यंत जायची. मुद्दाम लांबच्या गल्लीनं जायची, म्हंजे सगळ्यांनी पाह्यलं पाहिजे. ते निखारे भट्टीत पडले की मथुरा भाता हलवायची, आणि ऐरणीवर पहिला घाव पडायचा, आणि गाव समजायचं की घिसाडी उतरले. चावडीचा दाखला न्हाई, पाटलाचा शब्द न्हाई. पाटील उलट कोतवालाला इचारायचा, विस्तव गेला का रे.

आणि ज्या घरचा विस्तव त्या घरचे ते पाव्हणे. त्यांचा बैल कोणाच्या वावरात शिरला तर भांडण आमच्या दारात. त्यांच्याकडून कोणी काम करून घेऊन जवारी द्यायची टाळाटाळ केली तर माय त्याच्या दारात. कोणी म्हणलं हे कोण लोक, कुठले, तर जबाब आम्ही द्यायचा. विस्तव देणं म्हंजे हमी घेणं, असं ते होतं, फक्त कोणी ते तोंडानं म्हणायचं न्हाई. म्हणूनच सोमा माझ्या मायला आक्का म्हणायचा, आणि मी त्याला मामा, आणि मथुराला मामी. आखाजीला बहिणीला भावानं काहीतरी द्यायचं, तर सोमामामा दर साली मायला एक नवं उलथणं द्यायचा, आपल्या हातानं ठोकलेलं, दांड्यावर तीन टिंबं पाडलेलं. ती त्याची खूण. घरात उलथणीच उलथणी झाल्ती. माय म्हणायची अरे सोमा, माझी चूल एक, हात दोन, इतक्या उलथण्यांनी काय वावर नांगरू का. तो म्हणायचा आक्का, भाकरी जळाली तर माझ्या नावानं बोटं मोडशील, म्हणून आणतो.

मला ते लोक बघायची लई हौस. मोठा झालो, कारभार हाती आला, तरी आखाजीचे आठ-पंधरा दिवस माझा पाय लिंबाखालीच. त्यांच्या आपसातल्या बोलीचे दोन-चार शब्द मी शिकलो, आणि ते बोललो की मथुरामामी पदर तोंडाला लावून हसायची, म्हणायची हा काय बोलला ठाऊक हाय का, हा म्हणला माझी म्हैस तुझ्या भात्याला झोंबली. मामी म्हंजे उंच, काळी, हातात कोपरापर्यंत कथलाच्या बांगड्या. सोमा सांडशीनं लाल लोखंड धरून बसायचा आणि घण ती मारायची. एवढा मोठा घण डोक्याच्या वरून फिरवून, सोमाचं छोटं हातोडं जिथं वाजलं नेमकं तिथं. आमची माणसं नुसती बघत बसायची, कामं सोडून. एकदा आमचा चुलतभाऊ दाजीबा म्हणला, मामी, द्या इकडं, बाईमाणसाचं काम न्हाई हे. मामीनं घण पुढं केला. दाजीबानं दोनदा उचलला, तिसऱ्यांदा ऐरणीऐवजी स्वतःच्या पायाशेजारी आपटला. मामी म्हणली, दाजी, जमीन चांगली मऊ झाली, आता यात मिरच्या लाव. ते दाजीबाला गाव मरेस्तोवर म्हणत राह्यलं, काय दाजी, मिरच्या लागल्या का.

पण मला सगळ्यात नवल वाटायचं ते याचं, की जेवढी मला त्यांची उत्सुकता तेवढीच सोमामामाला आमची. तो इचारायचा, किसन, बारा महिने तीच भिंत बघून कंटाळा येत न्हाई का रे. शेजाऱ्याशी भांडण झालं तर काय करता, आम्ही तर गाडी जुंपतो. आणि माणूस मेल्यावर त्याच घरात झोपता, त्याच जागी, मंग तो आठवत न्हाई का. मी म्हणायचो आठवतो. तो म्हणायचा मंग तुमचंच अवघड हाय.

असे किती उन्हाळे गेले. मंग तो उन्हाळा आला, पोलीस ॲक्शनच्या आधीचा. तुम्ही पुस्तकात लिहिलंच हाय, रझाकारांची दहशत, आज हे गाव लुटलं उद्या ते, लोक दागिने जमिनीत पुरून राह्यले होते. आमच्या गावात आम्ही दहा-बारा जणांनी राखण धरली. काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, पण भाला न्हाई. आणि मला कल्पना सुचली, माझीच कल्पना, दाजीबाची न्हाई, कोणाची न्हाई, की घिसाडी येतील तवा भाल्याची पाती करून घेऊ, विळ्या-फाळांच्या गर्दीत कोणाला समजणार न्हाई.

सोमामामा आला. मायनं विस्तव नेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ बसलो आणि हळूच बोललो. त्याचा हात थांबला. तो म्हणला न्हाई भाचे, हे काम सांगू नको. मी म्हणलो गावावर संकट हाय. तो म्हणला तुझं एक गाव, आम्हाला शंभर गावं फिरायची. उद्या कोणी इचारलं हे कोणी केलं, मंग. मथुरामामी तर सरळ म्हणली, गाडी जुंपा. आणि मी म्हणलो, गुरुजी, हे नीट लिहा, मी म्हणलो मामा, विस्तव आमच्या घरचा हाय, इचारणाऱ्याला जबाब मी देईन. तो माझ्या तोंडाकडं बघत राह्यला. आक्काला ठाऊक हाय का, त्यानं इचारलं. मी म्हणलो ठाऊक हाय. मायला बिलकुल ठाऊक न्हव्हतं.

त्यानं पाती केली. दोन दिवस, भर दिवसा, वर फाळ आणि खाली पातं असं आलटून पालटून. मामी त्या दोन दिवसांत कोणाशी एक शब्द थट्टेचा बोलली न्हाई. सात पाती आम्ही नेली, पाच राह्यली, त्यांना पाणी द्यायचं होतं, म्हंजे तापवून पाण्यात बुडवायचं, त्यानं धार टिकते. ती पाच टोपलीत भंगाराखाली होती.

सहाव्या दिवशी न्याहारीच्या वक्ताला ठाण्याचा अमीन आला, अमीन म्हंजे आत्ताचा फौजदार, संगं सहा शिपाई. कोणी खबर दिली ते मला तवाबी समजलं न्हाई आणि आजबी न्हाई, कदाचित खबर न्हव्हतीच, तवा ते सगळ्याच घिसाड्यांच्या गाड्या उलथ्यापालथ्या करत होते. टोपली उपडी केली, पाती निघाली. सोमामामाला उभं केलं. कोणासाठी केली. तो गप. एक फटका पडला, दुसरा पडला. तो गप. गाव भोवती गोळा झाल्तं, मी पुढंच होतो, लिंबाच्या बुडाशी, दहा हातांवर.

तो अमीन याच मुलखातला होता, इथल्याच पाण्यावर वाढलेला. त्यानं फटके थांबवले. भट्टीकडं पाह्यलं, गावाकडं पाह्यलं, आणि अगदी सावकाश इचारलं, इनको आग किसने दिया. मंग मराठीत, विस्तव कुणाच्या घरचा हाय.

काय सांगू तुम्हाला. त्याला रीत ठाऊक होती. एवढं सगळं गाव उभं, कोणी बोललं न्हाई, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळायला लागल्या, मी ते बघून राह्यलो होतो, एक एक मान. मी काय केलं ठाऊक हाय का, मी पुढं झालो. सोमामामाला वाटलं मी जबाब द्यायला पुढं झालो, त्याच्या तोंडावर मला ते दिसलं. आणि मी म्हणलो, साहेब, यांना कोणी विस्तव दिला न्हाई. चकमकीनं पेटवलाय यांनी. आम्ही यांना वळखत न्हाई.

सोमामामानं माझ्याकडं पाह्यलं. मंग खाली पाह्यलं. अमीन त्याला म्हणला, खरं का. तो म्हणला, हाव साहेब, चकमकीनं पेटवला.

त्याला नेलं. त्याच्याच गाडीला बांधून नेलं, मामी आणि लेकरं मागं चालत गेली. मला वाटलं दोन दिवसांत सोडतील. गुरुजी, खरंच असं वाटलं, कारण पेरणी तोंडावर आली, ठाण्याच्या लोकांचीबी वावरं होती, नांगर होते, पेरणीच्या तोंडावर घिसाड्याला अडकवून ठेवणारा माणूस मी जन्मात पाह्यला न्हव्हता. शेतकऱ्याचं डोकं, ते शेतीच्याच हिशेबानं चालतं. मी स्वतःला सांगितलं, दोन फटके खाईल, सुटंल, पुढच्या आखाजीला येईल, मी पाय धरीन.

घरी आलो तर माय चुलीपुढं बसली होती. तिला आधीच समजलं होतं, गल्लीतून बातमी माणसाच्या आधी पोचते. ती म्हणली, कुणाच्या घरचा विस्तव होता किसन. मंग तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि चुलीत ओतला. जळत्या चुलीत. माझ्या आज्यापासून ती चूल कधी विझली न्हव्हती, रात्री राखेत निखारा दाबायचा आणि सकाळी फुंकायचा. तिनं ती विझवली आणि म्हणली, आपल्या घरचा विस्तव न्हाई ना, मंग न्हाई. त्या दिवसापासून माय मरेपर्यंत रोज सकाळी शेजारच्या घरून विस्तव मागून आणायची. रोज. रात्री निखारा दाबू द्यायची न्हाई. लोक इचारायचे आक्का, असं कामून, तर ती म्हणायची किसनला इचारा.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर एक होतं. पंधरा दिवसांनी ठाण्याचे लोक पुन्हा आले आणि दाजीबाला आणि आणखी एकाला घरून उचलून नेलं, त्यांच्या माळवदावर भाले निघाले. पारावर सगळे जमले. दोघांचीच घरं कशी समजली, कोणी सांगितलं. आणि पुन्हा त्या माना, अमीनापुढं खोटं बोलून मी एकटा कसा सुटलो, माझ्या घराची झडती कामून झाली न्हाई. तवा मी म्हणलो, घिसाडी फुटला असंल. एवढंच. मार सहन झाला न्हाई, फुटला असंल. दुसऱ्या माणसानं म्हणलं, हाव, फुटलाच असंल, त्या लोकांचा काय भरवसा. तिसऱ्यानं असंल काढून टाकलं. बाजाराच्या दिवशी आमची माणसं हसनाबादला गेली, धावड्याला गेली, जिथं गेली तिथं सांगून आली, घिसाड्यांना उतरू देऊ नका, आमच्या गावचे दोघं त्यांनी पकडून दिले. आठ दिवसांत ते सगळीकडं गेलं. मी ते पसरताना बघत होतो आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. हेबी लिहा.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, दाजीबा सुटून आला, हलगी वाजवत त्याला आणला, मलाबी हार घातला. दुसरी आखाजी आली. मी लिंबाखाली जाऊन बसलो, चार दिवस बसलो. गाडी आली न्हाई. तिसऱ्या सालीबी न्हाई. मंग बसायचं सोडलं, पण पळसाच्या शेंगा वाळल्या की कान चाकाच्या आवाजाकडं जायचाच. माय गेली. ज्या दिवशी गेली त्या दिवशीबी चूल शेजारच्या विस्तवानंच पेटली होती.

पंधरा-सोळा सालांनी माझी मोठी लेक मंठ्याकडं दिली. तिला आणायला गेल्तो, मंठ्याचा बाजार भरला होता, तर लोखंडी सामान मांडून एक म्हातारी बसलेली. मी एक विळा उचलला. मुठीजवळ तीन टिंबं. म्हातारी मान वर न करता म्हणली, घ्यायचा तर घे, धारेला बोट लावून बघू नको, धार काय तुझी नवरी न्हाई. मी आवाजावरून वळखलं. मी म्हणलो मामी. ती म्हणली कोणाची मामी. मी नाव सांगितलं. तिनं माझ्याकडं लई वेळ पाह्यलं आणि म्हणली, म्हातारा झाला रे किसन. आक्का हाय का. मी म्हणलो गेली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

सोमामामा पोलीस ॲक्शनच्या वक्ताला सुटला होता, पण उजव्या हाताची तीन बोटं वाकडी झाल्ती, सांडशी धरता येईना. मंग सांडशी मामीनं धरली आणि घण तिच्या सुनेनं. चार-पाच सालांत तो गेला. मी तिच्यापुढं बसलो आणि इतकी सालं जे इचारायचं होतं ते इचारलं. मामी, मामानं माझं नाव कामून घेतलं न्हाई. ती हसली. तिची ती जुनी हसायची लकब, पदर तोंडाला. म्हणली, तुला काय वाटलं, तुझ्यासाठी? अरे येड्या, घिसाड्यानं एकदा विस्तवाच्या घराचं नाव सांगितलं की कोणत्या गावची बाई त्याला विस्तव आणून देईल. तो म्हणायचा बोटं गेली तर जाऊ दे मथुरा, तोंड राखलं तर शंभर गावं हायेत. म्हणून गप बसला.

मंग तिचं हसणं गेलं. ती म्हणली, सुटून आल्यावर आम्ही पहिल्या गावात ऐरण ठोकून बसलो. दिवस माथ्यावर आला, कलला, कोणी विस्तव आणला न्हाई. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या गावात एक बाई लांबून म्हणली, तुम्ही फितुरी करणारे घिसाडी ना. तुझा मामा तिथंच खाली बसला. हाडं मोडली तवा बसला न्हव्हता. ते ऐकून बसला. मंग आम्ही इकडं आलो, जिथं तुमच्याकडची बातमी पोचली न्हव्हती. त्यानं मरेपर्यंत एकच इचारलं, मी तर एक शब्द बोललो न्हाई मथुरा, मंग हे कोणी उठवलं. किसन, तू तर गावातच होता. तुला काही ठाऊक हाय का रे.

बाजार होता, लोक होते, ऊन होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, जसा तो बघत होता. आणि मी म्हणलो, न्हाई मामी.

ती म्हणली, तुला तरी कसं ठाऊक असणार. आणि तिनं टोपलीत हात घालून एक उलथणं काढलं, माझ्या हातात दिलं, म्हणली आक्काच्या सुनेला दे, मामीनं दिलं म्हणून सांग. मी ते घेतलं. घेतलं गुरुजी. पिशवीत घातलं, लेकीला घेतलं आणि गाडीत बसलो. ते बघा, त्या खुंटीला हाय ते. माझ्या बायकोनं मला कधी इचारलं न्हाई, पण त्यानं तिनं एक भाकर उलटली न्हाई, तिनं मायच्या तोंडून विस्तवाचं सगळं ऐकलेलं होतं.

पुन्हा मंठ्याला गेलो तवा मामी न्हव्हती. दोनदा इचारून आलो. परवा तुमचं पुस्तक ऐकलं आणि नातवाला मोटारसायकलवर पाठवलं, तर तो सांगत आला की मंठ्याच्या सडकेला एक वेल्डिंगचं दुकान हाय, तिच्या नातवाचं, शटरवर तीन टिंबं काढलेली हायेत. त्या पोरानं इचारलं कोणत्या गावचे तुम्ही. आमच्या पोरानं गावाचं नाव सांगितलं तर तो नुसता हं म्हणला आणि काच तोंडावर ओढून कामाला लागला. म्हंजे त्यांच्या घरात ते अजून हाय. आपल्या गावात एक ओळ हाय, आणि त्यांच्या घरात नुसता हं.

माझा पोरगा रागावलाय. म्हणतो आबा, पंच्याऐंशीला कामून हे उकरता, पोराचं लग्न तोंडावर आलं, सोयरे काय म्हणतील. मी म्हणलो सोयरे काय म्हणतील म्हणूनच तवा झालं होतं हे सगळं. तुम्ही ती ओळ खोडा. त्या जागी लिहा की सोमा घिसाडी एक शब्द बोलला न्हाई, फितुरीची गोष्ट किसननं उठवली, विस्तव किसनच्या घरचा होता. ज्यांना हार घातले त्यांच्या यादीतून माझं नाव काढा. आणि मी मेल्यावर वाचू नका, येत्या शनिवारी मारुतीच्या पारावर वाचा, मी समोर बसतो, माना वळू द्या.

मंग आपण दोघं मंठ्याला जाऊ. सून गॅसवर सैपाक करते, नेण्यासारखा विस्तव आता घरात न्हाई, आणि त्या पोराला तो लागतबी न्हाई, त्याच्या हातात त्याचा स्वतःचा हाय. मी आपलं ते उलथणं घेईन खुंटीवरचं. तो कामात असंल तर बाहेर बसू, हात बांधून, त्यानं काच वर करेपर्यंत. त्यानं घालवलं तर परत येऊ, तो त्याचा हक्क हाय. पण त्यानं इचारलं की तुम्ही कोण, तर तुम्ही बोलू नका गुरुजी. जबाब मी देईन.